अकरा कणसं

आमच्या शाळेत दर वर्षी एका शनिवारी मुलांना ध्येय आणि चिकाटी या विषयावर काहीतरी ऐकवायची पद्धत आहे. एका वर्षी ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. मुलं पटांगणात बसलेली, माइक सुरू झालेला, तेव्हा मुख्याध्यापकांनी इकडेतिकडे बघून मला पुढे केलं. मी विज्ञान शिकवते आणि भावाच्या शेतात ज्वारीवर कसलासा प्रयोग करते, एवढं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी पंधरा मिनिटं बोलले. स्वतःवर विश्वास ठेवा, लहान लहान टप्पे ठरवा, रोज थोडं पुढे जा, असं बरंच काही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की यातलं एकही मी स्वतः कधी केलेलं नाही.

तेव्हा माझ्या प्रयोगाचं सहावं वर्ष चालू होतं.

प्रयोग म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. बदनापूरच्या पुढे फाट्यावर उतरून आत गेलं की आमचं गाव. तिथे माझा मोठा भाऊ शेती करतो. मी जालन्यात मस्तगडला राहते. नवरा, दोन मुलं, शाळा, सगळं जालन्यातच. पण जानेवारीत हुरडा खायला माहेरी जायचं हे लग्नानंतरही सुटलं नाही. अशाच एका वर्षी हुरड्यासाठी कणसं मोडत मी ज्वारीत फिरत होते. मोडता मोडता एका कणसाचे चार दाणे कच्चेच तोंडात टाकले. दाणा साखरेसारखा होता आणि अंगठ्याने नुसतं दाबलं तरी टरफल सुटत होतं. हुरडा खाणाऱ्याला माहीत असतं, की गोड दाणा तळहातावर चोळून चोळून हात लाल होतात आणि सहज सुटणारा दाणा बहुतेक वेळा पाणचट निघतो. एकाच कणसात दोन्ही सापडणं म्हणजे नशीबच. मी ते मोडलं नाही. ताटाला ओढणीची चिंधी बांधली आणि दादाला सांगितलं, हे एवढं पिकू दे.

पुढच्या वर्षी त्या एका कणसाचं बी दादाने दिलेल्या चार तासांत, म्हणजे पेरणीच्या चार ओळींत, मी हाताने टोकलं. उगवलं छान. पण एक ताट माझ्यापेक्षा उंच, एक कमरेएवढं. एकाचं कणीस गच्च, एकाचं विस्कटलेलं. गोड दाणे मोजकेच निघाले. आमच्या गल्लीत तेव्हा एक निवृत्त गृहस्थ राहायचे. सगळी नोकरी त्यांनी पिकांच्या प्रयोगाच्या वावरात काढली होती. ते म्हणाले, तुमचं ते कणीस वाऱ्याने झालेल्या संकराचं असणार. आता दर वर्षी त्यातलं चांगलं ताट निवडा. फुलोरा यायच्या आधी कणसावर कागदी पिशवी घाला, म्हणजे शेजारचा पराग आत जाणार नाही. त्याचं बी पुढच्या वर्षी वेगळं पेरा. असं करत गेलात की एक दिवस सगळी ताटं एकसारखी निघतील. तेव्हा तुमचं वाण झालं म्हणायचं.

मी विचारलं, किती वर्षं लागतील?

"सात. आठ धरा."

मी हसले होते. आपल्याकडे शाळूची ज्वारी वर्षातून एकदाच येते, हे हसताना डोक्यात आलं नाही. ऑक्टोबरात टोकायचं, डिसेंबरात पिशव्या घालायच्या, फुलोरा सरला की जानेवारीत पिशवी वर करून खालच्या अंगाचे पाच-सहा दाणे चाखायचे, पुन्हा झाकायचं, आणि फेब्रुवारी-मार्चात काढून वाळवायचं. वर्षभरात एकच उत्तर मिळतं आणि ते चुकलं तर पुढचा प्रश्न पुढच्या दिवाळीनंतर.

पिशव्या मी पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाच्या करायचे. स्टेपलर मारायचा, वर शाईने तासाचा आणि ताटाचा नंबर टाकायचा. दादा बांधावरून विचारायचा, "आली का बाई टोप्या घालायला?" वहिनी त्याच्या वरताण. "टोप्या कशाच्या, बाशिंगं म्हना. ताई कणसाची लगनं लावून राह्यल्या." मीही मग मुहूर्त विचारायचे. दर वर्षी तेच बोलणं, त्याच क्रमाने. कुणाला कंटाळा येत नव्हता.

मला मात्र यायचा. हे त्या शनिवारी मुलांना सांगायला हवं होतं. पहिली दोन वर्षं उत्साह होता, तो खरा होता. तिसऱ्या वर्षी चांगलं म्हणून निवडलेलं तास पुढे फिकं निघालं आणि मी चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या वर्षी तर मला काहीच वाटेनासं झालं. राग नाही, आशा नाही. तरी मी जातच होते. मला बरेच दिवस वाटायचं की ही माझी चिकाटी. नंतर नंतर शंका यायला लागली. रविवारी सकाळी घरातून बाहेर पडायला एक कारण होतं आणि त्याला सासरचं कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. शिवाय इतकी वर्षं ज्या माणसांना टोप्यांचं कौतुक सांगितलं, त्यांना आता सोडून दिलं असं कुठल्या तोंडाने सांगायचं? थोडक्यात, मी पुढे जात होते कारण थांबायचं धाडस नव्हतं. माझ्यासारखीच पुष्कळ माणसं अशी पुढे जात असतील असा माझा अंदाज आहे. ती भाषणाला मिळत नाहीत इतकंच.

सातव्या वर्षी मात्र ते झालं. शेवटी उरलेल्या तासांपैकी एकच माझ्या कामाचं होतं. खोडमाशीने त्यातली रोपं खाल्ली आणि अकरा ताटं राहिली. पण ती अकराही एका उंचीची, दोन दिवसांत सगळ्यांची कणसं बाहेर पडलेली, तीही एका साच्यातली. मी अकराही कणसांवर पिशव्या घातल्या. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाचे दाणे चाखले. अकराच्या अकरा गोड. अकराही अंगठ्याने सुटणारी. मी पिशव्या परत घातल्या आणि बांधावर बसून डब्यातली पोळी खाल्ली. आनंद झाला, पण सात वर्षांत कल्पना केली होती तेवढा नाही. पुढे काय करायचं याचा विचार करायला लागले आणि दमल्यासारखं झालं. हे बी पेरून वाढवायचं, दहा घरी द्यायचं, त्यांच्याकडे कसं येतं ते बघायचं. म्हणजे आणखी चार-पाच वर्षं.

त्याच्या पुढच्या रविवारी दादाकडे पाहुणे येणार होते. माझ्या भाचीचं लग्न आदल्या उन्हाळ्यात परतूरला झालं होतं. तिच्या सासरची माणसं लग्नानंतर पहिल्यांदाच हुरड्याला येत होती. आमच्याकडे व्याही हुरड्याला यायचे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. आठ दिवस आधीपासून वहिनीची चटणी, बोरं, दही, गूळ, कुणाला काय चालत नाही, यावरच फोन चालू होते. मलाही बोलावलं होतं. शाळेत शिष्यवृत्तीचा जादा तास होता, तो उरकून मी पोचायला अकरा वाजले.

लांबूनच आगटीचा धूर दिसला. सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुणे गोल बसले होते, भाची डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांना गूळ वाढत होती. दादा आगटीशी उकिडवा बसून गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसत होता. मी चप्पल काढून जवळ गेले आणि पायाशी एक खाकी पिशवी दिसली. अर्धी जळालेली. तिच्यावर माझ्या अक्षरात नंबर होता. आगटी पेटवायला बाकीच्या गेल्या होत्या.

मी वावराकडे बघितलं. माझ्या तासात अकरा ताटं उभी होती आणि एकावरही कणीस नव्हतं.

दादाने मला बघितलं आणि हात झटकत उठला. असा फुललेला चेहरा मी त्याचा त्याच्या पोरीच्या लग्नातही बघितला नव्हता. व्याह्यांकडे वळून म्हणाला, "ही माझी बहीण. सात वर्षं झाले, दर ऐतवारी येऊन राह्यली. ऊन म्हनली न्हाई, थंडी म्हनली न्हाई. ही ज्वारी तिनं बनवलेली हाये. साऱ्या जिल्ह्यात हुडका, बिलकुल भेटायची न्हाई."

सात वर्षांत त्याने टोप्यांपलीकडे एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं त्याला ते खूळ वाटतं.

विहीणबाईंनी तळहातावर चोळून फुंकर मारलेला गरम हुरडा माझ्या हातावर ठेवला. "घ्या ताई. लई गोड हाये दाना. चोळायला तर लागतच न्हाई." मी खाल्ला. भाजलेला असा मी तो पहिल्यांदाच खात होते. सात वर्षं मी कच्चेच दाणे चाखत आले होते, कारण भाजलं की बी संपतं. जसा व्हायला हवा होता अगदी तसा झाला होता. मी म्हणाले, छान झालाय. आणि खरंच झाला होता, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

चारला पाहुणे गेले. वहिनी आत भांडी आवरत होती. मी दादाला विचारलं, टोपीवाली सगळी मोडली का?

"सगळी. अकराच तर होती. पाव्हण्याला त्यात दुसरी भेसळ कशाला खाऊ घालायची?"

"दादा, ते बी होतं."

"बी तुझ्याकडं असंल की. मास्तरीण हायेस तू."

मी सांगितलं. मागच्या वर्षीचं उरलेलं बी डब्यात होतं, पण त्याला किडे लागून दिवाळीतच पीठ झालं होतं. त्याच्या मागचं असंच मूठभर आहे, पण ते अजून मिसळीचं. तिथून परत निवडत यायचं म्हणजे पुन्हा तीन-चार वर्षं. दादा ऐकत होता. त्याच्या हाताला राख होती ती तो दुसऱ्या हाताने पुसत राहिला. त्याचंही बरोबरच होतं. आमच्या घरात फणसाएवढं सीताफळ असो की पहिली मोसंबी, झाकून जपलेली वस्तू पाहुण्याचीच असते. लहानपणापासून आम्ही दोघांनी तेच बघितलं. चांगलं ते दुसऱ्याच्या ताटात आधी. शाळेत जाऊन मी ते विसरले होते आणि ही कणसं बियाची आहेत हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

"जाऊ दे दादा," मी म्हणाले.

"बाई..."

"खरंच जाऊ दे."

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. जाऊ दे म्हणताना मी त्याची समजूत काढत नव्हते. मला बरं वाटलं होतं. रिकामी ताटं बघितली तेव्हा हादरले, ते क्षणभर. त्याच्या मागोमाग जे आलं ते सुटल्याचं होतं. मी सोडलं नाही आणि तरी ते संपलं. दोष माझा नाही, कुणाचाच नाही. कुणाला तोंड द्यायचं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी पुढचे रविवार कसे घालवायचे याचा विचार करत होते. घरी नवऱ्याला म्हणाले, संपलं एकदाचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला, गुडघे तरी वाचतील." पुढच्या रविवारी मी आठ वाजता उठले. मुलांसाठी निवांत थालीपीठं लावली. कुणी विचारलंच तर सांगायला गोष्टही चांगली होती, तिच्यात मी बिचारी होते आणि हसूही होतं. शिक्षकांच्या खोलीत मी ती दोनदा सांगितली.

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी शाळेतून आले तर दादा ओट्यावर बसलेला. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. न सांगता तो कधी येत नाही. मी घाबरले. घरी सगळे बरे आहेत ना विचारलं.

"बरे हायेत. परतूरला गेल्तो."

"पोरीकडे? काय झालं?"

"काही न्हाई झालं." त्याने पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. दोन कणसं होती. देठाला सुतळी बांधलेली. एक चिमण्यांनी निम्मं टिपलेलं, दुसरं जवळजवळ पुरतं. दाणे वाळून सुरकुतले होते.

वहिनीने त्या दिवशी पाहुण्यांना वानोळा दिला होता. नव्या पिकातलं थोडं घरी न्यायला देतात तसा. बोरं, पेरू आणि त्यावर टोपीवाल्या अकरांतली दोन न भाजलेली कणसं. हे तिला तिसऱ्या दिवशी आठवलं. दादाने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर कसं विचारायचं? पुढचे पाच-सहा दिवस विचार करण्यात गेले. आज सकाळच्या गाडीने तो परतूरला गेला. विहीणबाईंनी कणसं दारात चिमण्यांसाठी टांगली होती, ती त्याला आत जातानाच दिसली. त्यांनी चहा दिला, पोहे दिले. पोरीला बघायला आले असतील असं त्यांना वाटलं. तो तासभर बसला, तोंडातून शब्द फुटला नाही. निरोप घेऊन स्टेशनवर आला. तिथून परत गेला.

"आणि मागितलीस?"

"मागितली."

"काय म्हणाले?"

"काय म्हनतील. दिली."

पुढचं त्याने सांगितलं नाही. ते मला भाचीने फोनवर सांगितलं, रडत. तिच्या सासऱ्याला आधी कळेचना. वानोळ्याची कणसं परत मागायला व्याही आलाय म्हटल्यावर त्यांना वाटलं, काही रागलोभ झाला. जावई हसला. दादाने उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून हात जोडले आणि म्हणाला, माझ्या बहिणीची सात वर्षं हायेत ती. लेकीच्या सासरी पाणी पिताना अवघडणारा माणूस तो. तिच्या लग्नात एवढी बोलणी झाली, तेव्हाही त्याने हात जोडले नव्हते.

मी चहा टाकला. दादाने बशीत ओतून घेतला आणि कणसांकडे बघत राहिला.

"उगवंल ना?"

हुरड्यातली कोवळी कणसं तोडून वाळवली तर त्यातलं बी उगवेलच असं नाही. कितीतरी दाणे निव्वळ टरफल असतात. मी नववीला बीज कसं पक्व होतं ते शिकवते. मला खरं उत्तर माहीत होतं.

"उगवेल," मी म्हणाले.

"मला वाटलंच." त्याने बशी खाली ठेवली. "त्या दिवशी तू जाऊ दे म्हनली ना, तवा तुझ्या तोंडाकडं बघवंना. एवढं मोठं नुकसान आन् माणूस शांत. मी तुझ्या वहिनीला म्हनलं, माझी बहीण आतून मोडली. मंग मला झोपच न्हाई."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. उठून कप विसळायला गेले. नळ सुरू करून बराच वेळ तो एकच कप विसळत उभी राहिले. मला लाज वाटत होती.

दादा सातच्या गाडीने गेला. मी त्या कणसांतले दाणे मोजून पन्नास घेतले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. नऊ उगवले. पुढच्या हंगामात मी चारच्या ठिकाणी एकच तास मागितलं. त्यात बाकीचे दाणे टोकले, त्यांतून एकवीस ताटं आली. दादा बांधावर आला, पण टोप्यांचं काही बोलला नाही. पिशव्या धरून उभा राहिला आणि एकेक हातात देत गेला. आता दहावं वर्ष आहे, ते बी सहा घरी जातं, आणि शाळेत पुन्हा कुणी भाषणाला उभं केलं तर काय सांगायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिली सात वर्षं मी कशाच्या जोरावर काढली ते नीट सांगता येत नाही. त्यानंतरची का काढली ते सांगता येतं. जे गेल्यावर मी सुटले होते तेच माझा भाऊ हात जोडून परत मागून घेऊन आला होता, आणि मी सुटले होते हे त्याला कधी कळू द्यायचं नव्हतं.